घरची गाडी कुणी जपत नाही

पुनावळ्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ॲम्बॅसॅडर शोधूनही सापडत नाही. तिचं मूळ ब्रिटिश: मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३. इंग्लंडमध्ये ती १९५९ला थांबली. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात ॲम्बॅसॅडर २०१४पर्यंत बनत राहिली. मग एवढ्या गाड्या गेल्या कुठे?

संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस टिकल्या, कारण त्या तेव्हाही मोजक्याच होत्या. घरची गाडी मात्र रोज राबते. पत्रा गंजतो, इंजिनाचं काम निघतं, खर्च गाडीच्या किमतीपुढे जातो आणि शेवटी भंगारवाला येतो. गल्लोगल्ली दिसणारी वस्तू जपायची असते, हे कुणाला सुचतच नाही.

आपल्या पिंपरीत बनलेल्या इंडिकाचंही तेच होतंय. १९९८ला आली, २०१८ला बंद झाली. अजून दिसते, म्हणून कुणी जपत नाही. तुमच्या घरी असेल, तर विकण्याआधी एकदा विचार करा.