हबशी

हबशी : इथिओपिया व इरिट्रिया यांच्या पठारी भागातील रहिवासी, हा या शब्दाचा मूळ अर्थ. मराठीत तो प्रथम दख्खनच्या सल्तनतींतील आफ्रिकी सरदारांना व सैनिकांना, नंतर मुख्यतः जंजिऱ्याच्या सिद्दींना आणि पुढे आफ्रिकी वंशाच्या कोणाही व्यक्तीला लावला गेला. ‘हपशी’ हे बोलीतील रूप. काळा रंग, थोराड बांधा किंवा आडदांडपणा यांवरून एखाद्याला हिणवण्यासाठीही तो वापरला जातो. त्यामुळे ऐतिहासिक संदर्भ सोडल्यास आज तो अवमानकारक समजतात.

व्युत्पत्ती : हा शब्द अरबी ‘हबश’ किंवा ‘हबशा’ या देशनामावरून फार्सीमार्गे मराठीत आला. ‘हबशत’ हे नाव दक्षिण अरबस्तानातील प्राचीन शिलालेखांत आढळते. चौथ्या शतकातील अक्सूम या प्राचीन राज्याचा राजा एझाना याच्या लेखात गीझ भाषेत जेथे हे नाव येते, तेथे ग्रीक पाठात ‘इथिओपियन’ असा शब्द आहे. युरोपीय भाषांतील ‘ॲबिसिनिया’ हे त्याच नावाचे रूपांतर. अरबीतील ‘गोळा करणे’ या अर्थाच्या धातूशी त्याचा संबंध जोडून ‘संमिश्र लोक’ असा अर्थ काही जुन्या ग्रंथकारांनी दिला आहे. तो सर्वमान्य नाही.

मुळात या नावात हीनत्वाची छटा नव्हती. इस्लामी परंपरेत पहिला मुअज्जिन बिलाल हा ‘हबशी’ म्हणून गौरवला जातो. मक्केतील छळाला कंटाळून इ. स. ६१५ च्या सुमारास बाहेर पडलेल्या पहिल्या मुसलमानांना हबशाच्याच राजाने आश्रय दिला होता. खुद्द इथिओपिया व इरिट्रियात, तसेच परदेशी स्थायिक झालेल्या त्यांच्या वंशजांत, ‘हबेशा’ हे आजही स्वतःविषयी अभिमानाने घेतले जाणारे नाव आहे. मात्र ते कोणाकोणाला लागू होते, विशेषतः ओरोमो व दक्षिणेकडील जमातींना लागू होते की नाही, याविषयी तेथे मतभेद आहेत.

दख्खनमधील हबशी सरदार : भारतात आणलेले आफ्रिकी लोक सर्वच हबशाचे नव्हते. पूर्व आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील बांतूभाषक लोकांनाही येथे हबशी म्हटले गेले. गुजरात व कर्नाटकातील सिद्दींच्या जनुकीय अभ्यासातही बांतू वंशाचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले आहे. म्हणजे भारतात पोहोचल्यावर हे देशनाम न राहता वर्गनाम झाले होते.

हा वर्ग गुलामीतून आलेला असला तरी त्यातील काहींना सत्तेपर्यंत वाट मोकळी होती. बंगालमध्ये १४८७ पासून काही वर्षे हबशी सुलतानांचे राज्य होते. बहमनी दरबारातील ‘दख्खनी’ आणि ‘आफाकी’ म्हणजे परदेशी या दोन गटांच्या संघर्षात हबशी सरदार बहुधा दख्खनी गटाच्या बाजूने असत. विजापुरात दिलावर खान व इखलास खान यांनी, तर अहमदनगरात अभंग खानाने मोठी पदे भूषवली. बीदरमधील ‘हबशी कोट’ या टेकडीचे नाव याच काळाची आठवण आहे.

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष मलिक अंबर (सु. १५४८–१६२६). तो इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. येथे त्याला विकत घेणारा अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान हाही हबशीच होता. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर अंबराने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून राज्य चालवले. १६१० मध्ये त्याने खडकी (नंतरचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवले, तेथे नहरीने पाणी आणले आणि जमीनमहसुलाची नवी पद्धत घातली. मराठा सरदारांना हाताशी धरून तो गनिमी काव्याने लढला. भातवडीच्या लढाईत (१६२४) शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. त्याची कबर खुलताबाद येथे आहे.

रंगावरून केलेल्या हेटाळणीचा स्पष्ट पुरावा मोगलांकडून मिळतो. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत अंबराचा उल्लेख काळेपणावर कोटी करणाऱ्या शिव्यांनी करतो. मोगल चित्रकार अबुल हसन याने सु. १६१६ मध्ये काढलेल्या चित्रात बादशहा भाल्याच्या टोकावर लावलेल्या अंबराच्या शिराला बाण मारताना दिसतो. प्रत्यक्षात जहांगिराला अंबर कधीच हाती लागला नाही. अंबराच्या मृत्यूनंतर मात्र मोगल इतिहासकार मुतमद खानाने त्याच्या युद्धनेतृत्वाची आणि राज्यकारभाराची मोकळेपणाने स्तुती केली.

जंजिरा व हबसाण : मुरूडजवळील राजपुरीच्या खाडीतील जंजिरा किल्ल्यावरून सिद्दींनी कोकण किनाऱ्याचा मोठा भाग ताब्यात ठेवला. मराठी कागदपत्रांत त्यांच्या प्रदेशाला ‘हबसाण’ म्हटले आहे. १८८३ च्या मुंबई गॅझेटिअरच्या कुलाबा-जंजिरा खंडातही जंजिरा संस्थानाचे हे पर्यायी नाव नोंदवले आहे. ‘सिद्दी’ किंवा ‘शिद्दी’ हा शब्द सामान्यतः अरबी ‘सय्यिदी’ (माझे स्वामी) यावरून आला असे मानतात; मराठीत तो पदवी, आडनाव व जमातनाम अशा तिन्ही प्रकारे चालतो.

जंजिऱ्याची सत्ता आरंभी बापाकडून मुलाकडे न जाता प्रमुख सिद्दी सरदारांच्या संमतीने ठरे. विजापूरच्या बाजूने असलेल्या सिद्दींनी १६७० च्या सुमारास मोगलांची चाकरी पत्करली आणि आरमारप्रमुखास ‘याकूत खान’ हा किताब मिळाला. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यावर अनेकदा मोहिमा काढल्या. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधला, पण जंजिरा हाती आला नाही. याकूत खानाने १६८९–९० मध्ये इंग्रजांच्या मुंबईलाही वेढा घातला. रायगडही काही काळ सिद्दीकडे होता. तो मराठ्यांनी १७३३ मध्ये परत घेतला. १७३६ मध्ये चिमाजी अप्पाने सिद्दी सात याचा पराभव करून त्याला ठार केले. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

शिवाजी महाराजांच्या चरित्राच्या सभासद बखरीत सिद्दीला घरातल्या उंदराची उपमा दिली आहे. तिचा रोख उपद्रवावर आहे, रंगावर नाही. शिवकालीन मराठी लेखनात हबशी हा प्रामुख्याने राजकीय व आरमारी शत्रू आहे. शिवाय सिद्दी दोन्ही बाजूंना होते. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर विजापूरचा, तर त्याच प्रसंगी शिवाजी महाराजांच्या बाजूने लढणारा सिद्दी हिलाल हाही त्याच वर्गातला.

पोर्तुगीज मुलूख आणि ‘खापरी’ : पोर्तुगीजांनी दोन वेगळे शब्द वापरले. इथिओपियातील लोकांना ते ‘अबेशीं’ म्हणत. हा हबशचाच अपभ्रंश. मोझांबिककडील लोकांना ते ‘काफ्र’ म्हणत. हा अरबी ‘काफिर’ (इस्लाम न मानणारा) यावरून आला. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने दोन्ही लोकांचे वर्णन स्वतंत्रपणे केले आहे. कोकणीत आणि गोव्यालगतच्या मराठीत ‘काफ्र’चे ‘खापरी’ झाले. गुलाम आणि नंतर पोर्तुगीज फौजेतील आफ्रिकी शिपाई असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. कारवार येथे खापरी देवाचे स्थान असून त्याला दारू व सिगारेट वाहण्याची प्रथा आहे. दक्षिण आफ्रिकेत मात्र ‘काफिर’ या शब्दाचे इंग्रजी रूप तेथील सर्वांत जहरी वांशिक शिवी ठरले. २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने ती वारंवार वापरल्याबद्दल एका व्यक्तीला तुरुंगवासाची शिक्षा दिली. महात्मा गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतील सुरुवातीच्या लेखनातही हा शब्द आढळतो. घाना विद्यापीठाच्या आवारातून २०१८ मध्ये त्यांचा पुतळा हटवला गेला, त्यामागे तेथील अध्यापकांनी या लेखनावर घेतलेला आक्षेप होता.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत दमण व दीव येथील व्यापारी मोझांबिकला कापड नेत आणि तेथून हस्तिदंत व गुलाम आणत. पोर्तुगालने आपल्या साम्राज्यातील गुलामगिरी १८६९ च्या हुकमाने रद्द केली.

दादरा व नगर हवेली : हाही पोर्तुगीज मुलूख होता. मराठ्यांशी १७७९ मध्ये झालेल्या तहानुसार नगर हवेली १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली; दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतले. नगर हवेलीतील सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले. या प्रदेशाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत वारली, कोकणा, धोडिया, कोळी ढोर इत्यादी जमाती आहेत, सिद्दी नाहीत. २६ जानेवारी २०२० पासून ज्याच्याशी हा प्रदेश जोडला गेला, त्या दमण व दीवच्या यादीत ‘सिद्दी (नायका)’ अशी नोंद आहे.

गुजरात व कर्नाटक : जंजिऱ्याच्या घराण्याच्या एका शाखेला १७९१ मध्ये सुरतेजवळ सचिन संस्थान मिळाले. भरूच जिल्ह्यातील रतनपूर येथील बावा गोर दर्गा आणि गीर भागातील जांबूर ही गुजरातेतील सिद्दींची प्रमुख ठिकाणे. जांबूरच्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. उत्तर कन्नडमधील हल्याळ व यल्लापूर परिसरातील सिद्दी मराठीमिश्रित कोकणी बोलतात. त्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

अर्थबदल : दरबारी व आरमारी सत्ता गेल्यावर या शब्दामागचा सरदार मराठी वाचकाच्या नजरेआड झाला आणि रंग तेवढा उरला, असे या बदलाचे स्थूल स्पष्टीकरण देता येते. अमेरिकेतील गुलामीची माहिती मराठीत आली ती ‘नीग्रो’ या दुसऱ्याच शब्दाने. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ तेथील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. पुढे ‘नीग्रो’च्या जागी ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द रूढ होत गेला. ‘हबशी’ला मात्र असा सर्वमान्य पर्याय ठरला नाही. काळसर रंगाच्या ‘हबशी हलव्या’सारख्या नावांत तो निरुपद्रवीपणे टिकून आहे.

सद्यःस्थिती : इतिहासलेखनात मूळ साधनांतील पद म्हणून हा शब्द योग्य ठरतो. हयात व्यक्तींसाठी इथिओपियन, आफ्रिकी किंवा सिद्दी असे नेमके नाव वापरावे. जेथे सिद्दी अनुसूचित जमातीत मोडतात, तेथे अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तीने त्या जमातीतील व्यक्तीचा हेतुपुरस्सर आणि लोकांच्या नजरेसमोर पाणउतारा करणे हा अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खाली गुन्हा आहे.