पावलं मोजणारा म्हातारा

गेल्या महिन्यात जेवताना बाबांनी सहज विचारलं, "शनिवारी मोडी लिपीचा क्लास असतो ना रे? किती घेतात?" बाबा एकसष्ट वर्षांचे, गेल्या वर्षी रिटायर झाले. मी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणालो, "कशाला आता ती दगदग? आराम करा की." बाबा "बरं" म्हणाले आणि ताक मागितलं. विषय संपला.

म्हणजे त्यांच्यापुरता संपला. माझ्या डोक्यात ते "बरं" आठवडाभर फिरत राहिलं, आणि त्याबरोबर एक जपानी म्हातारा आठवला. त्याच्याबद्दल कधीतरी लिहायचंच होतं, तर आज लिहून टाकतो.

इनो तादाताका. जन्म १७४५. वयाच्या सतराव्या वर्षी सावारा गावातल्या इनो घराण्यात दत्तक घरजावई म्हणून आला. (आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक हसतात, तिथे ती घराणं टिकवायची रीतसर पद्धत होती.) बायको त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, विधवा, पदरात एक मूल. घरचा धंदा साके गाळायचा, तांदळाच्या व्यापाराचा आणि सावकारीचा. तो खालावलेला होता आणि पुढची तीसेक वर्षं तादाताकाने तो नुसता सावरला नाही, तर चांगला वाढवला. १७८० च्या दशकातल्या दुष्काळात गावाला धान्यही पुरवलं. थोडक्यात, यशस्वी माणूस.

जपानमध्ये तेव्हा 'इन्क्यो' नावाची प्रथा होती. कर्त्या पुरुषाने एका टप्प्यावर कारभार मुलाच्या हाती द्यायचा आणि बाजूला व्हायचं. आपल्या वानप्रस्थासारखंच, फक्त अरण्यात जावं लागत नाही. बागेत झाडं लावा, चहा प्या, कविता करा. तादाताकाने कारभार मुलाला दिला आणि १७९५ मध्ये, पन्नाशीत, एदोला म्हणजे आजच्या टोकियोला बिऱ्हाड हलवलं. कशासाठी? तर खगोलशास्त्र शिकायला.

गुरू कोण, तर ताकाहाशी योशितोकी. शोगुनच्या सरकारने पंचांग दुरुस्त करायला ओसाकाहून आणलेला हुशार ज्योतिर्विद, वयाने तादाताकापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान! गावात ज्याचा शब्द कोणी खाली पडू देत नाही, असा शेठ तिशीतल्या पोरापुढे शिष्य म्हणून बसला. आपल्या टीमलीडचं वय आपल्यापेक्षा दोन वर्षांनी कमी असलं तर आपल्याला काय काय होतं ते आठवून बघा. तादाताकाने घरीच वेधशाळा उभारली. रात्री आकाश, दिवसा गणित. त्याचा हा नाद बघून गुरूनेच त्याचं नाव 'सुइहो सेन्सेइ' पाडलं, म्हणजे साधारणपणे 'ग्रहगणित गुरुजी'.

आता मुख्य प्रश्न. पृथ्वी गोल आहे हे या दोघांना ठाऊक होतं, पण केवढी? उत्तर-दक्षिण रेषेवर एक अंश सरकलं तर जमिनीवर किती अंतर होतं, हे कळलं की गुणिले ३६० आणि झालं. तादाताकाने काय केलं, तर आपल्या घरापासून असाकुसाच्या सरकारी वेधशाळेपर्यंतचं अंतर पावलं मोजून काढलं, दोन्हीकडचे अक्षांश घेतले आणि हिशोब गुरूपुढे ठेवला. गुरू म्हणाला, एवढ्याशा अंतरावरून नाही चालणार. बरोबरच होतं. दोन ठिकाणांमधला फरक जेमतेम दीड मिनिटाचा, म्हणजे अंशाचा चाळिसावा भाग. मोजण्यात जी चूक होईल ती चाळीसपट होऊन उत्तरात येणार. चार युजरवर टेस्ट करून चार लाखांचा अंदाज बांधण्यातला प्रकार. निदान एझोपर्यंत, म्हणजे आजच्या होक्काइदोपर्यंत मोजायला हवं.

पण एझोला जायला परवानगी कोण देणार? इथे गुरूचं डोकं चाललं. १७९२ मध्ये रशियाचं एक जहाज एझोच्या किनाऱ्याला येऊन गेलं होतं, तेव्हापासून सरकार बेचैन होतं. तेव्हा पृथ्वीबिथ्वी काही बोलायचं नाही, एझोचा नकाशा करून देतो असं सांगायचं. १८०० साली परवानगी मिळाली. बहुतांश खर्च तादाताकाच्या खिशातून. वय पंचावन्न, छाती जुनी दुखणाईत, खोकल्याचा त्रास. निघाला चालत.

पहिल्या मोहिमेत जवळजवळ सगळं मोजमाप पावलांनीच झालं. त्याचं एक पाऊल साधारण ६९ सेंटीमीटर, आणि ते दिवसभर तेवढंच पडायला हवं. जाऊन येऊन १८० दिवस. पुढच्या मोहिमांत दोर आणि लोखंडी साखळ्या आल्या. पद्धत साधी आणि कंटाळवाणी: काठी रोवा, होकायंत्राने दिशा घ्या, अंतर मोजा, पुढे चला. लांबच्या डोंगरांच्या दिशा वेगवेगळ्या जागांहून घेऊन चूक पकडा. रात्री आकाश निरभ्र असेल तर ताऱ्यांची उंची मोजून अक्षांश पक्का करा. सकाळी पुन्हा काठी.

१८०२ पर्यंत उत्तर आलं: एका अंशाला २८.२ री, म्हणजे सुमारे ११०.७५ किलोमीटर. गुरूला खात्री वाटेना, त्यावरून शिष्य चांगलाच नाराज झाला. मग १८०३ मध्ये लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या पुस्तकाचं डच भाषांतर योशितोकीच्या हाती लागलं, आणि त्यातला आकडा जुळला! आजच्या मोजणीशी ताडलं तर चूक हजारात दोनच्या आसपास.

गंमत म्हणजे त्याच १८०२ मध्ये लॅम्बटन मद्रासला पायारेषा मोजून हाच प्रश्न सोडवायला निघाला होता. त्याच्याकडे अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट होतं आणि पाठीशी कंपनी सरकार. तोही आयुष्यभर मोजतच राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. या दोघांना एकमेकांची काही खबर असण्याचं कारण नव्हतं.

योशितोकी १८०४ मध्ये चाळिशीच्या उंबरठ्यावर गेला. प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, गुरू राहिला नव्हता. तादाताका घरी बसला असता तरी कोणी बोट दाखवलं नसतं. पण आता सरकारला सगळ्या जपानचा नकाशा हवा होता, आणि १८०५ पासून हे काम सरकारी खर्चाने सुरू झालं. १८१६ पर्यंत एकूण दहा मोहिमा झाल्या, त्यातली एकच त्याच्याशिवाय. सगळं मिळून ३५ ते ४० हजार किलोमीटर. ऐन प्रवासातून त्याने लेकीला पत्र लिहिलं की दात पडून आता एकच उरलाय, लोणचंसुद्धा खाता येत नाही. मला हे पत्र नकाशांपेक्षा जास्त आवडतं.

त्याला सगळं जमलं असं नाही. रेखांशासाठी अचूक वेळ लागते, ती साधली नाही. त्यामुळे नकाशात अक्षांश उत्तम आणि पूर्व-पश्चिम मात्र काही भाग सरकलेले. एझोच्या उत्तरेकडची मोजणी तर मामिया रिन्झो या शिष्याची.

१८१८ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, नकाशा पुरा व्हायच्या आधीच तो गेला. शिष्यांनी मृत्यू गुप्त ठेवला आणि १८२१ मध्ये काम पूर्ण करून मगच जाहीर केला. १:३६,००० प्रमाणाचे मोठे नकाशेच २१४. सरकारने ते गुपित म्हणून कुलपात टाकले. योशितोकीच्या मुलाने नकाशाच्या प्रती झीबोल्ट या जर्मन डॉक्टरला दिल्या, १८२८ मध्ये ते उघडकीला आलं आणि तो तुरुंगातच मेला. आणि १८६१ मध्ये ब्रिटिश आरमार किनारा मोजायला आलं, तेव्हा याच नकाशाची प्रत बघून त्यांनी बहुतेक मोजणी सोडून दिली.

मूळ नकाशे राहिले नाहीत. सरकारी प्रत १८७३ च्या राजवाड्यातल्या आगीत गेली, इनो घराण्याची १९२३ च्या भूकंपात. मोठ्या नकाशांच्या दोनशेहून जास्त नकला २००१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडल्या.

तादाताकाने शेवटी एक मागणं केलं होतं, गुरूशेजारी पुरा. टोकियोत उएनोच्या गेन्कूजी मंदिरात दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत.

काल बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चढावर पाऊल लहान पडतं, त्याचं काय करायचा तो?" मला सांगता आलं नाही. क्लासची फी मात्र मी विचारून ठेवली आहे.