आदर्श वजनाचा आकडा

इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा हे गाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव मिरवते. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तेथे हिंगोटांची झुंज होते. हिंगणबेटाचे फळ पोखरून वाळवावयाचे, त्यात दारू ठासावयाची आणि ते पेटवून गौतमपुऱ्याच्या ‘तुर्रा’ दलाने रुणजीच्या ‘कलंगी’ दलावर फेकावयाचे. मराठी माणसाला येथे शाहिरांचा कलगीतुरा आठवल्याखेरीज राहणार नाही. जखमींपैकी बहुतेकांचे मलमपट्टीवर भागते. परंतु भाजणे गंभीर असेल, मग ते तेथे असो वा अन्यत्र, तर शिरेतून द्यावयाच्या द्रवाचा हिशेब किलोंवर बसतो आणि असा रुग्ण काट्यावर उभा राहू शकत नाही. वजनाचा अंदाजच करावा लागतो.

असलेले वजन आणि असावयाचे वजन या मात्र दोन निराळ्या गोष्टी. काही उपचारांत वैद्याला दुसऱ्याचीच गरज असते. हे ‘असावयाचे’ कोणी ठरविले?

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांच्या नावावर एक सोपा नियम चालतो: सेंटिमीटरमधील उंचीतून 100 वजा करा. पुढे हे काम विमा कंपन्यांनी उचलले. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने 1942-43 साली ‘आदर्श वजना’ची कोष्टके काढली. कोणत्या वजनाचे विमेदार अधिक जगतात, एवढाच त्यांतील प्रश्न होता. म्हणजे हा आकडा रुग्णशय्येपाशी जन्मला नाही; तो हप्त्यांच्या खतावणीत जन्मला, आणि ती खतावणीही उत्तर अमेरिकेतील विमेदारांची.

1974 साली बेन डिव्हाइन यांनी जेंटामायसिन या औषधाविषयी लिहिताना एक सूत्र दिले. पाच फूट उंचीच्या पुरुषाचे वजन 50 किलो व स्त्रीचे 45.5 किलो धरावे आणि त्यापुढील प्रत्येक इंचास 2.3 किलो मिळवावे. पाच फुटांस शंभर पौंड आणि पुढे इंचास पाच पौंड, हा बायकांसाठीचा जुना ठोकताळाच येथे किलोंत उतरलेला दिसतो. हेतू मात्र योग्य होता. जेंटामायसिन चरबीत फारसे मुरत नाही. लठ्ठ रुग्णास प्रत्यक्ष वजनाप्रमाणे ते दिले तर मूत्रपिंड आणि कान यांस अपाय होण्याची भीती असते.

या सूत्राची खरी कसोटी पुढे कृत्रिम श्वासयंत्रावर लागली. मनुष्य लठ्ठ झाला म्हणून त्याची फुप्फुसे वाढत नाहीत. ती उंचीच्या प्रमाणात असतात. फुप्फुसांच्या तीव्र विकाराने अत्यवस्थ झालेल्या 861 रुग्णांवरील अमेरिकन चाचणीचा निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाला. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोस 12 मिलिलिटर हवा दिलेल्या गटात 39.8 टक्के रुग्ण दगावले, 6 मिलिलिटर दिलेल्या गटात 31 टक्के. विमेवाल्यांच्या कोष्टकांशी नाते सांगणारा हा आकडा शेवटी जीव वाचविण्याच्या कामी आला, हे नाकारता येत नाही.

तरीही तो परक्या मापाचाच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच शरीरे पुराव्यादाखल मांडली. उंचीच्या मानाने वजन पाहावे तर दोघांचा निर्देशांक एकच, 22.3; पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! काटा ज्याला सडपातळ म्हणतो तो आतून तसा असेलच असे नाही.

याहून रोकडी अडचण उंचीची आहे. डिव्हाइन यांचे सूत्र पाच फुटांपासून, म्हणजे 152.4 सेंटिमीटरपासून सुरू होते आणि भारतीय स्त्रीची सरासरी उंची जवळपास तेवढीच आहे. म्हणजे आपल्याकडील निम्म्याच्या आसपास स्त्रिया सूत्राच्या उंबऱ्याबाहेर राहतात. त्यांच्यासाठी डॉक्टर इंचामागे तेवढेच किलो वजा करतात. चार फूट दहा इंच उंचीच्या स्त्रीचे वजन असे सुमारे 41 किलो येते आणि श्वासयंत्रातून एका श्वासाला सुमारे 245 मिलिलिटर हवा. तिचे प्रत्यक्ष वजन 65 किलो असून त्यावरून हिशेब केला, तर 390 मिलिलिटर हवा त्याच लहानशा फुप्फुसांत कोंबली जाईल. म्हणून अशा रुग्णाची उंची नजरेने ठरविणे धोक्याचे असते. निजलेल्या माणसाची उंची घेणे कठीण पडते, तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड फितीने मोजतात आणि त्यावरून उंची काढतात.