बंबात गेलेली कादंबरी

गेल्या रमजानच्या आधी माझी मुलगी चार दिवस माहेरी आली होती. जाताना तिनं एक कापडी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अब्बा, महिनाभर एवढंच वाचा. फिर बोलो."

पिशवीत परीकथा होत्या, प्रेमकथा होत्या आणि चित्रांतून सांगितलेल्या कादंबऱ्या होत्या. मी कवी माणूस. वाचनाच्या बाबतीत थोडा अहंकारी. असली पुस्तकं मुलांची किंवा रिकामटेकड्यांची, असं मी जन्मभर मानत आलो. तिला ते चांगलं माहीत होतं. ती नववीत असताना भूगोलाच्या पुस्तकात लपवून एक प्रेमकादंबरी वाचत होती. मी ती हिसकावली आणि अंघोळीच्या पाण्याच्या बंबात टाकली. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

रोजची तिलावत झाली की जोहर आणि असरच्या नमाजांमध्ये जो वेळ मिळे, त्यात मी ही पिशवी उघडू लागलो. त्या महिन्यात जे उमगलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

पहिलं पुस्तक 'कथासरित्सागर'. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ते संस्कृतात रचलं. पण त्याचं मूळ आपल्या दाराशी आहे. गेवराई तालुक्यातून गोदावरीच्या काठानं वर गेलं की पैठण लागतं. सातवाहनांचं प्रतिष्ठान ते हेच. तिथल्या राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्यानं 'बृहत्कथा' लिहिली, अशी परंपरा आहे. दंतकथा सांगते की, त्यानं सात लाख श्लोक स्वतःच्या रक्तानं, पैशाची म्हणजे पिशाचांच्या बोलीत लिहिले. राजानं ते नाकारले. भाषा हलकी, शाई रक्ताची. मग गुणाढ्य रानात बसला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि अग्नीत टाकायचा. जनावरं चरणं सोडून ऐकत राहिली. राजाला पश्चात्ताप होऊन तो धावत आला, तेव्हा सहा लाख श्लोक जळले होते. एक लाख उरले.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. दर वेळी मनानं मी गुणाढ्याच्या बाजूला बसत असे, कारण कवी ना मी! या खेपेला पहिल्यांदाच लक्षात आलं की माझी जागा राजाच्या बाजूला आहे.

दुसरं पुस्तक 'गुलशन-ए-इश्क'. विजापूरच्या आदिलशाही दरबारातला कवी नुसरती. त्यानं 1657 च्या सुमारास ही मसनवी दखनीत लिहिली. दखनी म्हणजे आमच्या घरातली बोली. 'यहींच', 'मैंच' म्हणताना आम्ही जो 'च' लावतो, तो मराठीनंच दखनीला दिलेला. कथा मात्र त्याहून जुनी. मनोहर नावाचा राजपुत्र आणि मधुमालती नावाची राजकन्या. ही कथा 1545 मध्ये मंझन या सूफी कवीनं अवधीत सांगितली होती. झोपलेल्या राजपुत्राला पऱ्या रातोरात उचलून मधुमालतीच्या महालात नेतात. दोघांची नजरानजर होते, सकाळी ताटातूट होते आणि मग समुद्र, राक्षस, जादू. मुलीनं ऐकलं नाही म्हणून तिची आईच मंत्र टाकून तिचा पक्षी करते.

या काव्याची 1743 मधली एक सचित्र हस्तलिखित प्रत आज अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. तिच्यात 97 चित्रं आहेत. म्हणजे बघा, अद्भुत, प्रेम आणि चित्र या तिन्ही गोष्टी आपल्या दख्खनमध्ये एकाच पुठ्ठ्यात नांदत होत्या. हिंदू नावांचे नायक-नायिका, मुसलमान कवी, सूफी अर्थ. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी जपून ठेवली आहे. त्या लांबलचक कापडावर त्यांनी पंचीकरणासारखा वेदान्ताचा विषय मांडला, तो अक्षरांबरोबर आकृत्याही काढून. चित्र काढलं म्हणून विचार हलका होत नाही, हे त्या संताला ठाऊक होतं.

मग आपल्याला या वाचनाची लाज कधीपासून वाटू लागली? याचं एक उत्तर तिसऱ्या पुस्तकात सापडलं. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा', 1868 सालची. मराठी कादंबरी तेव्हा नुकती चालायला शिकत होती. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 मध्ये आली होती आणि तिच्यात विधवांचं खरंखुरं दुःख होतं. रिसबुडांनी वेगळी वाट धरली. पुढे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आली आणि 'मंजुघोषा'सारख्या कादंबऱ्या पोरकट ठरल्या. माझ्याही मनात त्यांची तीच किंमत होती.

पण रिसबुडांची प्रस्तावना वाचून मी थबकलो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, आपल्याकडची लग्नाची रीत आणि एकूण राहणी अशी आहे की रोजच्या आयुष्यात मन गुंतवील असं काही घडतच नाही. तेव्हा रंजक कादंबरी लिहायची तर अद्भुताकडेच वळावं लागतं. मी हे दोनदा वाचलं. लग्नं बालपणीच लागत. मुलगा-मुलगी एकमेकांना बघणार कुठं, बोलणार कधी? ज्या समाजात प्रेमाला घरात जागा नाही, त्या समाजात प्रेमाला विमानातून किंवा परीच्या पंखावरूनच यावं लागतं. अद्भुत म्हणजे वास्तवापासून पळ, असं आपण म्हणतो. खरं तर कुठला दरवाजा बंद होता, हे त्या पळण्यावरूनच कळतं.

आणि मग माझंच घर डोळ्यांपुढं आलं. आमच्या घरात 'इश्क' हा शब्द फक्त माझ्या कवितेत होता. मुशायऱ्यात मी त्याच्यावर दाद घेत होतो. पोरीनं तोच शब्द भूगोलाच्या पुस्तकाआड वाचला, तर मी बंब पेटवला.

चौथं पुस्तक हातात घेतलं तेव्हा रमजानचे शेवटचे दहा दिवस चालू होते. 'भीमायन'. 2011 साली प्रसिद्ध झालेली ही चित्रकादंबरी मध्य प्रदेशातल्या परधान गोंड परंपरेतले चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी चितारली आहे. शब्दसंहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. डॉ. आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात अस्पृश्यतेचे जे अनुभव लिहून ठेवले, त्यांवर ती उभी आहे. हिच्यात चौकोनी खिडक्या नाहीत. चित्रकारांचं म्हणणं, माणसांना चौकटीत कोंडायचं नाही. मायेनं बोललेल्या शब्दांचा फुगा पाखरासारखा आहे. विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे.

त्यात दौलताबादची हकिगत आली. साल 1934. बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर आमच्या मराठवाड्यात, त्या वेळच्या निजाम राज्यात आले होते. किल्ल्याच्या दारातल्या हौदावर प्रवासाची धूळ धुवायला त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. माणसं जमली, शिव्यागाळ झाली. शेवटी किल्ला बघू दिला, पण कुठं पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई दिला. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, तो महिना रमजानचा होता.

ही हकिगत मला माहीत नव्हती असं नाही. कॉलेजात असताना ती माझ्या वाचनात आली होती आणि मी पान उलटलं होतं. शब्दांवरून नजर घसरते. चित्र मात्र समोरून हलत नाही. माझाही रोजा होता, माझीही दाढी पांढरी व्हायला लागली आहे. जातीचा विटाळ आमच्या दीनमध्ये नाही, हे मी व्यासपीठावरून अनेकदा सांगितलं आहे. ते खरंच आहे. पण तो आमच्या हौदावर होता, हे मी कधीच सांगितलं नाही.

लहानपणी 'चांदोबा' यायचा, तो तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. खांद्यावर प्रेत, हातात तलवार असं विक्रमाचं ते चित्र 'शंकर' म्हणजे के. सी. शिवशंकरन काढत. वेताळाची अट आठवते का? उत्तर माहीत असून गप्प राहिलास, तर तुझ्या डोक्याची शकलं होतील. मुलांची म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टीत ही अट होती. गंभीर साहित्यात आयुष्य घालवून मी ती विसरलो.

म्हणून आज बोललो. दौलताबादबद्दलही आणि बंबाबद्दलही.

ईदच्या दिवशी मुलीला फोन केला. म्हटलं, "बेटा, त्या कादंबरीचं नाव काय होतं?" ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग नाव सांगितलं आणि म्हणाली, "शेवटची चाळीसेक पानं राहिली होती, अब्बा."

जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मी ती कादंबरी शोधतो आहे. अजून मिळाली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)