हादग्यातलं सासर

रिंगा रिंगा रोझेस हे बालवाडीतलं गाणं म्हणजे लंडनच्या १६६५ सालच्या प्लेगची आठवण, असं आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. अंगावरचे चट्टे, मग शिंका आणि शेवटी सगळे जमिनीवर! गोष्ट रंगतदार आहे, पण तिला पुरावा नाही. इंग्लंडात हे गाणं छापलेलं मिळतं ते १८८१ साली, केट ग्रीनअवेच्या पुस्तकात. प्लेगचा अर्थ त्याला चिकटला तो विसाव्या शतकात. आयोना आणि पीटर ओपी या जोडप्याने मुलांची खेळगाणी गोळा करण्यात आयुष्य घालवलं. त्यांनाही हा अर्थ पटला नव्हता.

आपल्याकडे मात्र उलट आहे. आपल्या हादग्याच्या गाण्यांतलं दुःख खरं होतं आणि आपण ते गमतीचं समजत आलो.

हादगा, भोंडला, भुलाबाई ही नावं प्रांतागणिक बदलतात. भुलाबाई विदर्भ-खानदेशाकडची. आमच्या आष्टीत हादगाच. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती मुलींनी फेर धरायचा आणि शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखायची. पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं चढत सोळाव्या दिवशी सोळा! (आमच्या घरी सोळापर्यंत कधीच गेलं नाही, फुटाणे, गूळ-शेंगदाणे आणि काकडी एवढ्यावर भागायचं.) आष्टी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्याच राज्याच्या तेलुगू मुलखात याच सुमारास फुलांच्या राशीभोवती बतुकम्माचा फेर चालतो, आणि त्याच्या आधी कुमारिकांची बोड्डेम्मा असते.

आता गाण्यांत काय असतं ते बघा. कारल्याचं बी रुजून, वेल चढून, भाजी होऊन, खरकटं निघेपर्यंत सुनेची माहेरची वाट अडवून धरणारी सासू. घरातल्या साध्या वस्तू भलत्याच समजणारा वेडा नवरा. परवानगीसाठी एकाकडून दुसऱ्याकडे फिरवली जाणारी सून. हे गायचं कोणी? आठ-दहा वर्षांच्या मुलींनी. आज आपल्याला हे अजब वाटतं, पण त्या काळी या वयाच्या मुलीला सासर फार लांब नव्हतं. पुढच्या वर्षी जे घडायचं त्याची ती उजळणी होती असं मला वाटतं. सासूला तोंडावर बोलता येत नव्हतं. फेरात पाच-पन्नास जणींच्या आवाजात बोलता येत होतं. डॉ. सरोजिनी बाबरांनी बायकांची गाणी मेहनतीने जमा केली, म्हणून त्यातलं पुष्कळ वाचलं.

आमच्या तालुक्याची गंमत अशी की तिन्ही बाजूंना नगर जिल्हा. तो इंग्रजांचा, आम्ही मोगलाईतले. सारडा कायदा १९२९ साली झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं लग्नाचं वय १४ ठरलं, पण ते ब्रिटिश हद्दीपुरतं. मग लग्न संस्थानात नेऊन लावायचं, ही पळवाट देशभर वापरली गेली. माझी आई जामखेडकडची. बाराव्या वर्षी तिला बैलगाडीतून हद्दीअलीकडे आणलं आणि लग्न आष्टीकडे लावलं. कायदा तिकडेच राहिला! हादग्याची गाणी मात्र तिच्याबरोबर आली. तिने ती आम्हाला शिकवली, तेव्हा वेड्या नवऱ्याच्या गाण्याला आम्ही पोट धरून हसायचो. आईही हसायची. कारल्याच्या गाण्यात मात्र ती नुसतं पीठ चाळत राहायची.

पुढे राज्यं बदलली, १९७८ साली वय १८ झालं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. कारणं इथल्या माणसाला सांगायला नकोत. मुकादमाची उचल जोडीला मिळते, एकट्याला नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको. त्यातून वयात आलेली मुलगी मागे ठेवायची कोणाच्या भरवशावर, हीही भीती. हस्त संपतो, दसरा-दिवाळी होते आणि टोळ्या उसाला निघतात.

शाळेत मी बरीच वर्षं हादगा घेतला. सगळ्यात जास्त गाणी पाठ असायची ती आजीजवळ राहणाऱ्या मुलींना, कारण आईबाप सहा महिने कारखान्यावर. एकदा सातवीतल्या एकीने विचारलं, "बाई, ती शेवटी जाते का माहेरी?" मी म्हटलं, जाते की, वेणी घालून जाते. दहावीच्या हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं.

असो. जामखेड-कर्जतकडच्या भाचे-भाच्यांनो, तुमच्या आज्यांच्या वह्यांत हादग्याची गाणी असतील तर झेरॉक्स पाठवा. आईची वही उंदरांनी खाल्ली, आणि मला आता सोळा गाणीसुद्धा सलग आठवत नाहीत.