खारं पाणी, गोडं पाणी : खारेपाटातल्या आरोग्याचा इतिहास

आजचा विषय आरोग्याचा आहे, पण सुरुवात आपण दवाखान्यापासून करणार नाही. एका मातीच्या बांधापासून करू.

अलिबागहून पेणकडे जाताना पोयनाडच्या आसपास सपाट, जवळजवळ झाड नसलेला मुलूख लागतो. तो खारेपाट. धरमतरच्या खाडीला भरती आली की तिचं पाणी या जमिनीवर यायचं. लोकांनी बांध घातले, पावसाचं पाणी बाहेर सोडायला आणि भरतीचं अडवायला उघाड्या बसवल्या, आणि खाजणाचं शेत केलं. बांध राखायची गावकीची पद्धत होती, तिला जोळ म्हणत. उधाणाला बांध फुटून खांड पडली की घरटी माणसं चिखल घेऊन धावायची. कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढच्या पावसांनी मीठ धुऊन जाईपर्यंत जमीन धड पिकत नाही. म्हणून इथं राताच्या जातीचा, खार सोसणारा लाल तांदूळ. पीक एकच. ते गेलं की कणगी रिकामी. मुलाच्या अंगावरचं मांस आणि बाळंतिणीच्या अंगातलं रक्त या बांधावर अवलंबून होतं, असं आम्ही म्हणतो ते काही अलंकार म्हणून नव्हे.

पण बांध धड असतानाही कणगी रिकामीच राहायची. ती का?

1848 साली प्रशियाच्या सरकारनं रुडॉल्फ विर्चो या तरुण डॉक्टरला अप्पर सिलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवलं. त्यानं परत येऊन अहवाल लिहिला त्यात औषधापेक्षा दारिद्र्य, अज्ञान आणि लोकांच्या हाती नसलेली सत्ता यांचाच हिशेब जास्त होता. सरकारला तो आवडला नाही, हे सांगायला नकोच! आपल्या कुलाबा जिल्ह्यात (रायगड हे नाव 1981 चं) असा अहवाल शोधायचा तर तो वैद्यकाच्या कपाटात नाही, शेतकऱ्यांच्या संपात सापडतो.

खाजण जमिनीत आणलं कुळानं, बांध राखला कुळानं, मालकी मात्र खोताची नाहीतर सावकाराची. पिकाचा मोठा वाटा खंडात जायचा. पावसाळ्यात घरात दाणा नसला की खावटी काढायची तीही त्याच दारातून, आणि सुगीला ती वाढवून फेडायची. म्हणजे भात पिकवणाऱ्याच्याच ताटात भात नाही. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी गावात 25 गावांचे शेतकरी जमले आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ठरलं, की जमीन कसायची नाही. संप 1939 पर्यंत चालला.

या संपाचा इतिहास आपल्याकडे सभा, ठराव, पुढारी यांच्या अंगानं सांगितला जातो. तो महत्त्वाचाच आहे. 1934 मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले, आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पण चुलीवर काय होतं, हे फारसं कोणी विचारत नाही. पेरणीच नाही, तर खायचं काय? जंगलातला लाकूडफाटा विकायचा, मिळेल ती मजुरी करायची, खाडीत उतरून मासळी, चिंबोऱ्या धरायच्या. पुरेसं खाता यावं म्हणून या लोकांनी इतकी वर्षं कमी खाल्लं. घरातल्या बाईच्या वाट्याला शेवटी किती उरत असेल, याचा अंदाज आपण आपल्या घरांवरून करू शकतो.

1939 चा कूळ कायदा, मग 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन. कूळ मालक झालं. त्याच सुमारास, 1948 पासून, खारजमिनींसाठीही कायदा झाला, बांध हळूहळू सरकारी खात्याकडे गेले, पोरं मुंबईला आणि पुढे कारखान्यांत लागली, जोळ मोडत गेली. आता खांड पडली की अर्ज करायचा आणि वाट बघायची. काही शेतांत भाताऐवजी कांदळ उभं आहे.

आणि पिण्याचं पाणी? वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण विहीर खणावी तर पाणी मचूळ लागतं. गोडं पाणी म्हणजे पावसाळ्यात भरलेलं तळं, तेही उन्हाळ्यात आटतं. बांगलादेशच्या खुलना भागातल्या डाकोप इथल्या संशोधनात खारट पाणी पिणाऱ्या गरोदर बायकांचा वाढता रक्तदाब दिसून आला आहे. आपल्या खारेपाटातल्या बाईला डॉक्टर सांगतात, मीठ कमी खा. पाण्यातल्या मिठाचं काय करायचं, ते ती कोणाला विचारणार? टंचाईत पाणी पिंपात साठवायचं म्हणजे डासही घरातच. हात धुवायला, न्हायला उरेल तेवढंच. या भागात मुलगी द्यायला लोक कचरतात, ते याच हंड्यामुळे.

पेण तालुक्यातच भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण आहे. तिथलं पाणी डोंगर ओलांडून नवी मुंबईच्या नळांना जातं. त्याच तालुक्यातली खारेपाटाची गावं योजनेच्या शेवटच्या टोकाला. टोकाला दाब पुरत नाही, असं कारण अभियंते देतात. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे. पण टोक कुठे ठेवायचं, हे पाईप ठरवत नाही. एप्रिल-मेमध्ये तिकडे गेलात, तर दवाखान्याआधी टँकरच्या रांगेत थोडा वेळ उभे राहा आणि रांगेत कोण आहे ते बघा.