धुऱ्यावरच्या वांडाची कुळकथा

वर्धा जिल्ह्यात धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, जुन्या आंब्यावर, मोहावर किंवा बोर अभयारण्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या झाडाच्या बेचक्यात जाड, चिवट पानांचा झुबका ठाण मांडून बसलेला असतो. फूल नसेल तर त्याच्याकडे कोणी पुन्हा वळून पाहत नाही. शेतमालकाच्या लेखी ते बांडगूळ. फांद्या छाटताना तेही कोयत्याखाली जातं. या वनस्पतीचं शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा. ही एक आमरी, म्हणजे ऑर्किड. शहरातल्या फुलांच्या दुकानात ‘वांडा’ म्हणून जी मोठाली निळी-जांभळी फुलं हजारो रुपयांच्या सजावटीत लावतात, त्यांना ते नाव मिळालं ते याच झुबक्यामुळे.

या नावाची सुरुवात कलकत्त्यात झाली. विल्यम जोन्स १७८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून आले. पुढच्याच वर्षी त्यांनी एशियाटिक सोसायटी काढली. संस्कृतचा नाद जितका, तितकाच वनस्पतींचाही. भारतातल्या झाडाझुडपांना युरोपातल्या कोणा साहेबाचं नाव चिकटवण्यापेक्षा इथलंच नाव ठेवावं, असा त्यांचा आग्रह होता. १७९४ मध्ये ते वारले. निवडक भारतीय वनस्पतींवरची त्यांची टिपणं पुढल्या वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात छापली गेली. झाडावर वाढणाऱ्या एका आमरीचं वर्णन त्यांत होतं आणि तिच्यासाठी संस्कृत नाव घेतलं होतं – वन्दा.

हे नाव अमरकोशात आहे आणि तिथे त्याला तीन सोबती आहेत: वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवलेली. परजीवी बांडगूळ आणि झाडाचा फक्त आधार घेणारी वनस्पती, दोघींना पुरेल असा हा ऐवज. उत्तरेकडे आजही ‘बांदा’ म्हणताना दोन्ही वनस्पतींची सरमिसळ होते, आणि आपल्याकडे ‘बांडगूळ’ म्हणतानाही तेच घडतं.

योगायोग असा की १७९५ मध्येच लंडनला विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. भारतीय चित्रकारांकडून काढून घेतलेली चित्रं हे त्याचं वैभव. रॉक्सबर्ग यांनी ही आमरी ‘एपिडेंड्रम टेसेलाटम’ म्हणून नोंदवली. झाडावर वाढणाऱ्या बहुतेक आमरी त्या काळी एपिडेंड्रममध्येच जमा होत. टेसेलाटम म्हणजे फरशीसारख्या चौकड्यांची. फूल हातात घेतलं की नाव कुठून आलं ते कळतं: पिवळसर हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेघांची जाळी, बाहेरून पाकळ्या पांढऱ्या, आणि मधोमध जांभळट ओठ.

१८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी जोन्स यांचं नाव उचलून ‘वांडा’ ही स्वतंत्र प्रजाती रीतसर उभी केली आणि या जातीला रॉक्सबर्ग यांचं नाव दिलं. जोन्स यांना साहेबांची नावं नको होती, तरी एका साहेबाची वर्णी लागलीच. पण ते टिकलं नाही. जातीचं आधीचं नाव मागे टाकता येत नाही, या न्यायाने १८३० पासून ती वांडा टेसेलाटा झाली. ज्या जातीवरून प्रजाती बांधली, ती तिची नमुना जात ठरते. प्रजातीचे पुढे कितीही तुकडे पडोत, नाव तिच्याकडेच राहतं.

हे नुसतं कागदी नाही. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल ‘वांडा मिस जोकिम’. अ‍ॅग्नेस जोकिम यांच्या बागेतला हा संकर १८९३ मध्ये जगासमोर आला आणि १९८१ मध्ये त्याला राष्ट्रीय फुलाचा मान मिळाला. आता वर्गीकरणात त्याची रवानगी पॅपिलिओनँथी या दुसऱ्या प्रजातीत झाली आहे. आपल्या धुऱ्यावरच्या वांडावर मात्र अशी पाळी येऊ शकत नाही.

हिचा निळा भाऊबंद वांडा सेरुलिया. १८३७ मध्ये विल्यम ग्रिफिथ यांना तो खासी टेकड्यांत सापडला आणि इंग्लंडच्या शौकिनांनी त्यासाठी जंगलं ओरबाडली. भारतात १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात निळ्या वांडाला जागा मिळाली. टेसेलाटाला अशी कीर्ती लाभली नाही. तिची मागणी वेगळ्या बाजारातली: वैद्यकातली.

वातावरच्या औषधांत चरकाने रास्नेला पहिला मान दिला. महारास्नादि काढा आजही घरोघरी माहीत आहे. पण रास्ना कोणती, यावर प्रांतोप्रांती वेगळं उत्तर मिळतं. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने प्लुचिया लॅन्सिओलाटा हे झुडूप मान्य केलं आहे, दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीतला कंद वापरतात, तर बंगालकडे रास्ना म्हणून वांडाचीच मुळं जातात. मुळं काढली की आमरी मेलीच. त्यामुळे ही मागणी तिला परवडणारी नाही.

मुळांवरच तर तिचा सगळा संसार. खरं बांडगूळ फांदीत मूळ खुपसून आंब्याचा रस ओढतं. वांडाची मुळं सालीवरून चिकटत जातात किंवा हवेत लोंबतात, झाडाच्या आत शिरत नाहीत. उन्हाळ्यात ती राखाडी, मेल्यासारखी दिसतात. मृगाचा पाऊस पडला की बघता बघता हिरवी होतात. मुळावर मेलेल्या पेशींचा एक पोकळ थर असतो. तो टीपकागदासारखा पाणी पितो, पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा जाड पानांच्या या वांडा दिवसा रंध्रं मिटून घेतात आणि हवेतला कार्बन रात्री गोळा करतात.

एवढी चिवट असूनही ती पसरत का नाही? शेंगेत धुळीसारखं लाखो बी असतं, पण त्यात शिदोरी नसते. झाडाच्या सालीत योग्य बुरशी भेटली आणि तिने दाणापाणी पुरवलं, तरच रोप होतं. अशी खरबरीत, जुनी साल जुन्याच झाडाला असते. रस्ता रुंद करताना शंभर वर्षांचा आंबा पडला, तर त्याच्याबरोबर वांडाची पिढीही जाते, आणि नव्या रोपट्यावर ती लगेच परत येत नाही.

म्हणून कोयता उचलण्याआधी एक गोष्ट पाहावी. फांदी जिथून फुगली आहे आणि त्या गाठीतूनच दुसरी पानं फुटली आहेत, ते बांडगूळ, ते काढावं. सालीवर राखाडी मुळ्या पसरल्या आहेत आणि फांदी तशीच धडधाकट आहे, तो वांडा. तो राहू द्यावा. आणि झाड पडणारच असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर वांडा मुळांसकट अलगद सोडवून शेजारच्या मोहावर काथ्याने बांधावा. मुळं साल धरतात, मग काथ्या कुजला तरी हरकत नाही.